पत्रकावरचे दोघे

आमचे हे जन्मभर लोकांना एकच प्रश्न विचारत आले. "तुम्ही याला काय म्हणता?" ओढ्याकडे बोट, टेकडीकडे बोट, चार घरांच्या वस्तीकडे बोट. भूमापन खात्यात नावं गोळा करायची नोकरी होती यांची. पाठीवर पिशवी, पिशवीत नकाशाची घडी, लिहायला पुठ्ठा, पेन्सिली, जांभळ्या शाईचं स्टॅम्प पॅड आणि छापील नावपत्रकांचा गठ्ठा. पायी हिंडायचं आणि कुठल्या जागेला तिथली माणसं काय म्हणतात ते लिहून आणायचं. गावात यांना सगळे नाववाले म्हणतात आणि मला नाववाल्यांची बायको. म्हणजे बघा, नावं गोळा करणाऱ्याच्या घरात राहून माझं स्वतःचं नाव कोणाला ठाऊक नाही!

त्या पत्रकाचे नियम मला पाठ झालेत, इतके ते ऐकलेत. पहिला नियम, नाव विचारायचं, सुचवायचं नाही. "याला अमुक म्हणतात ना?" असं विचारलं की माणूस "हो" म्हणतो आणि मोकळा होतो. दुसरा नियम, तीन साक्षीदार. तिघेही तिथेच राहणारे, चाळिशीच्या पुढचे, आणि तिघांना वेगवेगळं गाठायचं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. लिहिता येत असेल तर सही, नाहीतर अंगठा. तीन झाले की नाव पक्कं. एकदा एका अख्ख्या डोंगराचं नाव न घेता हे परत आले, कारण तिसरा साक्षीदार एकोणचाळीस वर्षांचा निघाला. आमच्या मुलीचं नाव ठरवायला यांनी सात महिने लावले. शेवटी मी वैतागून म्हटलं, "काय हो, तिसरा साक्षीदार मिळत नाहीये का?" हसले नाहीत. यांना नियमावरचा विनोद कळत नाही.

असा हा माणूस. कचेरीतली पेन्सिल घरात वापरायचे नाहीत. मी आपली शिवणकाम करणारी, तोंडाने फटकळ, आणि दिवसातून दहा वेळा खोटं बोलणारी. "ताई, उद्या नक्की देते तुमचे पडदे" हे मी किती जणींना सांगितलं असेल! हे मात्र दाराशी कोणी आलं आणि मी आतून "मी नाहीये म्हणून सांगा" अशी खूण केली, तरी सांगायचे, "आहे की, आतच आहे."

दोन गोष्टी मात्र मला कधी उलगडल्या नाहीत. एक म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या दोन खुर्च्या. चांगल्या भक्कम, हातवाल्या. त्यांवर कोणाला बसू द्यायचे नाहीत. पाहुणा तिकडे वळला की हे हळूच म्हणायचे, "तिथे नको, इकडे बसा." मला वाटायचं, उन्हाने कापड विटतं म्हणून. मग मी नवीन कापड घातलं, तरी तेच. एकदा मी चिडून स्वतःच जाऊन बसले. हे इतके पांढरे पडले की मीच उठले. पुन्हा काही तो नाद केला नाही.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि आता ते यंत्रावर अंगठा ठेवून करतात. हे रांगेत उभे राहिले की घामाने थबथबायचे. यंत्र काही अंगठा ओळखेना. बाई बिचारी काच पुसते, यांचा हात पुसते, पुन्हा ठेवा म्हणते. हे म्हणाले, "अंगठा नको हो. दुसरं काहीही सांगा." मागची माणसं हसायला लागली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांपूर्वी यांना न्यूमोनिया झाला, ताप डोक्यात गेला, तेव्हा बिछान्यात पडल्या पडल्या हे कोणाला तरी विचारत होते. "वय? धंदा? किती वर्षं राहता इथे? करा ना हो अंगठा. एकदाच करा." कितीतरी वेळ हात जोडून विनवत होते. डॉक्टर म्हणाले, नोकरी डोक्यात बसलीय. मीही तेच धरून चालले.

आता नकाशाचं सांगते. आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर, सीमेच्या पट्टीत एक ओसाड गाव आहे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी दंगाधोपा झाला तेव्हा एका आठवड्यात रिकामं झालं, ते पुन्हा वसलं नाही. छपरं पडलीत, विहिरी बुजल्यात, कुत्रंसुद्धा राहत नाही तिथे. पण मोबाईलमधल्या नकाशात त्या गावाला नाव कोणतं द्यायचं यावरून दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. आमच्याकडून उघडलं की आपलं नाव दिसायचं, पलीकडून उघडलं की त्यांचं. आमची मुलगी परदेशात असते, तिला दोन्ही दिसायची, मध्ये तिरपी रेघ मारून. "आई, एकाच गावाला तीन तोंडं आहेत गं," म्हणाली. लोकांनी दिवसभर मोबाईलवर 'चूक कळवा' दाबायचा सपाटा लावला. सकाळी चहाच्या वेळी आपलं नाव, जेवेपर्यंत त्यांचं. सीमेवर गोळीबार झाला, दोन शिपाई मेले. कशापायी, तर एका पडक्या गावाच्या नावापायी!

शेवटी नकाशाच्या कंपनीने जाहीर केलं की आता पुरावा बघू. गाव नांदतं होतं तेव्हाच्या रहिवाशांनी कोणतं नाव सांगितलं होतं, त्याचा कागद ज्याच्याकडे असेल त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लागेल, सगळ्या जगाला तेच दिसेल. खात्याने जुने गठ्ठे झटकले. त्यात निघालं यांचं पत्रक! गाव रिकामं झालं त्याच उन्हाळ्यातलं, जागेवर जाऊन भरलेलं, तीन साक्षीदारांचे तीन जांभळे अंगठे, नावं, वयं, तारीख, खाली यांची सही. कंपनीने त्याचा फोटो नकाशावरच लावला. गावावर बोट ठेवलं की पत्रक उघडायचं, कोणीही बघावं. पलीकडच्यांकडे असलं काही नव्हतं. असे नऊ-दहा महिने गेले, आता एकच गोष्ट उरली होती. कंपनीची माणसं येणार होती, त्यांच्यासमोर यांनी शपथेवर सांगायचं, की हे तिन्ही अंगठे मी स्वतः माणसं समोर बसवून घेतले. बुधवारी सकाळी अकराला, नगरभवनात.

मग काय विचारता! कोपऱ्यावरचे औषधवाले नाव-बचाव समितीचे अध्यक्ष. त्यांनी पत्रक मोठं करून कापडावर छापलं आणि चौकात टांगलं. एकेक अंगठा परातीएवढा. भाजीवाली मला दोन जुड्या जास्त द्यायला लागली. मीही मान वर करून हिंडत होते, खोटं कशाला बोलू? हे मात्र चौक टाळून मागच्या गल्लीने जायला लागले. जेवणावरून वासना उडाली. मी म्हटलं, "अहो, एवढं कौतुक होतंय, जरा तोंड तरी हसरं ठेवा." हे म्हणाले, "ते कापड उतरवायला सांग." मला वाटलं, बुजतात.

मंगळवारी दुपारी मी मशीनवर टिपा घालत होते तेव्हा दारात एक बाई आली. पस्तिशीची, साधी, खांद्याला पिशवी, हातात प्लास्टिकचं फोल्डर. "नाववाले काका इथेच राहतात ना? मी सहा तासांचा प्रवास करून आलेय, काकू. मला फक्त दहा मिनिटं हवीत." मला वाटलं, वर्तमानपत्रातली असेल. मी "ये गं, ये" म्हणेपर्यंत ती आत आली आणि थेट खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. हे उठून उभे राहिले. "तिथे..." म्हणाले.

तिने फोल्डरमधून पत्रकाची प्रत काढली. "ही दुसरी साक्ष आणि ही तिसरी. हे माझे आजोबा, ही माझी आजी. गावातलं शेवटचं घर त्यांचं."

हे टेबलाला धरून उभे राहिले. मला मात्र भरून आलं. मी तिला पाणी दिलं.

"काका, मी नावासाठी नाही आले," ती म्हणाली. "आमच्या घरी तर दुसरंच नाव म्हणतात, पण ते राहू दे. त्याचं तुमचं तुम्ही बघा. मी आलेय ती या तारखेसाठी."

मग तिने सांगितलं. तिचे बाबा तरुणपणी गाव सोडून शहरात कामाला गेले. त्या वर्षीच्या थंडीत त्यांना शेजाऱ्याचं पत्र आलं, की आधी वडील गेले आणि एकोणीस दिवसांनी आई गेली. बर्फाने वाटा बंद होत्या, त्यांना जाता आलं नाही. वाटा मोकळ्या होतात तोवर दंगा सुरू झाला, गाव रिकामं झालं. "बाबांनी ते दुःख गिळलं, काका. पुढे लग्न केलं, मला वाढवलं, हसत खेळत राहिले. आठ महिन्यांपूर्वी मी हे पत्रक नकाशावर बघितलं. मीच बघितलं आणि मीच मोठ्या टीव्हीवर लावून त्यांना दाखवलं. म्हटलं, आजी-आजोबांचा फोटो नाही आपल्याकडे, निदान अंगठा तरी बघा. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ही तारीख कसली? तारीख उन्हाळ्यातली होती. पत्र आल्यानंतर पाच महिन्यांची."

तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं.

"बाबा म्हणतात, शेजाऱ्याने खोटं लिहिलं. मी जीव धोक्यात घालून येऊ नये म्हणून. म्हणजे सगळं गाव पळालं तेव्हा आई-बाप जिवंत होते, मागे राहिले होते, आणि मी गेलो नाही. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. चार घास गेले तर गेले. डॉक्टर म्हणतात, शरीरात काही दोष नाही, यांना जगायचंच नाही. काका, त्या दोघांना जिवंत बघणारे तुम्ही शेवटचे. बाबांनी एवढंच विचारायला पाठवलंय. ते माझी वाट बघत होते का?"

ती पोर यांच्याकडे डोळे लावून बसलेली. मला ते बघवेना. आणि मग मी तेच केलं जे मी नेहमी करते, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"हो तर!" मी म्हटलं. "आठवण काढत होते ना! पोरगा सुखात आहे, येईल सवडीने, असं म्हणत होते. यांनीच मला सांगितलंय कितीदा तरी."

पोरीने फोल्डर छातीशी घट्ट धरलं. मी समाधान द्यायला गेले आणि तिच्या बापाच्या छातीत आणखी एक खिळा ठोकला.

"ती खोटं बोलतेय," हे म्हणाले.

चाळीस वर्षांत यांनी मला चारचौघांत खोटं पाडलं नव्हतं असं नाही. पण हा आवाज वेगळा होता. हे खाली, जमिनीवर बसले, त्या दोन खुर्च्यांसमोर, आणि बोलत राहिले.

गाव रिकामं झाल्यावर पंधरा दिवसांनी साहेबांनी यांना पाठवलं होतं. सांगितलं होतं, आपलं नाव घेऊन ये, तीन साक्षींनिशी, नाहीतर परत येऊ नकोस. हे सव्वीस वर्षांचे. गावात एक म्हातारी तेवढी होती, पायाने अधू, शेळी घेऊन बसलेली. तिने गावाचं आपल्याकडचंच नाव सांगितलं. ती साक्ष खरी. तिला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून इकडे आणलं. उरलेल्या दोन साक्षींसाठी हे अख्खं गाव फिरले. प्रत्येक दार वाजवलं. दारं उघडी, चुलीवर भांडी तशीच, आणि हे आपले बाहेर उभं राहून दार वाजवतायत, कारण न विचारता आत जायचं नाही हाही नियमच. शेवटच्या घरामागे दोन थडगी होती, नवी. दगडावर नावं, जन्म, मृत्यू, आणि खाली गावाचं नाव. ते गावाचं नाव म्हणजे पलीकडच्यांचं नाव.

"मी मध्ये बसलो," हे म्हणाले. "आणि त्यांना विचारलं. दोघांना वेगवेगळं विचारलं. तुम्ही याला काय म्हणता? नियम होता ना. त्यांनी तर सांगूनच ठेवलं होतं, दगडावर लिहिलं होतं. मी दुसरंच लिहिलं. वयं त्या तारखांवरून काढली. त्याच्या नावापुढे माझा उजवा अंगठा केला आणि तिच्या नावापुढे डावा."

पाहुणीने हातातल्या प्रतीकडे बघितलं. त्या जांभळ्या ठशांवरून बोट फिरवून फिरवून कागद तिथे मऊ पडला होता. तिने ते बोट उचललं आणि कपड्याला पुसलं.

"घरी आलो," हे म्हणाले, "तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. काही बोलत नाहीत. हात मांडीवर ठेवून बसतात, पालथे." आणि यांनी खुर्च्यांकडे बघितलं.

ती पोर ताडकन उठली. मी सांगते, भर दुपारच्या लख्ख उजेडात माझ्या अंगावर काटा उभा राहिला. चाळीस वर्षं मी त्या खोलीत केर काढलाय, हसलेय, भांडलेय, लेकीला दूध पाजलंय, आणि यांच्या हिशेबी तिथे दोन माणसं बसून होती.

"दगडावरच्या तारखा काय होत्या?" तिने विचारलं.

यांनी सांगितल्या. एक क्षणही आठवावं लागलं नाही. एकोणीस दिवसांचं अंतर.

"पत्रात त्याच आहेत," ती म्हणाली, आणि मग ओरडली. "आठ महिने, काका! आठ महिने तो माणूस रोज स्वतःला मारतोय!" रडली, शिव्या दिल्या, द्यायलाच हव्या होत्या. शांत झाल्यावर म्हणाली, "तुम्ही चला. मी सांगितलं तर म्हणतील, समजूत काढतेस. तुमच्याच तोंडून ऐकायला हवं त्यांना. सकाळी सातची बस आहे."

बुधवारची सात. आणि बुधवारी अकराला शपथ.

आता मी काही फार चांगली वागले नाही, तेही सांगते. यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या शपथ घ्या, परवा जाऊ. आठ महिने पडलाय तो माणूस, एक दिवसाने काय होतंय? आपल्याला याच गावात राहायचंय." हे म्हणाले, "शपथेवर ते जिवंत होते म्हणू, आणि परवा जाऊन मेले होते म्हणू?" मी म्हटलं, "माझ्याशी चाळीस वर्षं गप्प बसलात तेव्हा बरी नाही सुचली ही अक्कल!" आणि भांडी आपटली. एक तर फुटलं. खरं तर मला राग पत्रकाचा नव्हता. मी मेली कापड बदलत राहिले खुर्च्यांचं, आणि यांनी एका शब्दाने सांगू नये?

संध्याकाळी औषधवाले उद्याचं भाषण घेऊन आले तेव्हा हे कंपनीला पत्र लिहीत होते. चारच ओळी. पाहुणी कोपऱ्यात बसली होती. औषधवाल्यांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा काढून पुसला. "नाववाले, वेड लागलंय का? दोन मेलेल्या म्हाताऱ्यांपायी जिवंत माणसांचं नाव घालवणार? ती तर बोलतही नाहीत!"

"बोलली होती," हे म्हणाले. "मी लिहिलं नाही."

"हे पत्र गेलं ना, तर या गावात तुम्हाला डोकेदुखीची गोळी मिळणार नाही," असं म्हणून ते निघून गेले. यांनी स्टॅम्प पॅड काढलं, वाळून खडखडीत झालेलं. त्यावर पाणी शिंपडलं आणि पत्राखाली दोन्ही अंगठे उमटवले. "जुळवून बघतील," म्हणाले. घामबिम काही नाही. मी आणि त्या पोरीने बाजूला सह्या केल्या. यांना तिसरी सही हवी होती. मी म्हटलं, "आता नियम पुरे."

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. कंपनीने पत्रक काढून टाकलं आणि त्या गावावरची दोन्ही नावं पुसली. आता तिथे नुसता करडा डाग दिसतो, आमच्याकडूनही आणि पलीकडूनही. चौकातलं कापड उतरलं, आमच्या खिडक्या फुटल्या. भाजीवाली मला बघून तोंड फिरवते, आणि औषधं मी बसने दुसऱ्या गावाहून आणते. खुर्च्या अजून रिकाम्याच आहेत. मी विचारत नाही, हे सांगत नाहीत. पण या सगळ्याचं मला काही नाही. मला सांगायचं आहे ते त्या शहरातल्या खोलीतलं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. आत एक पलंग, कोपऱ्यात टीव्ही, त्याच्यावर टॉवेल टाकलेला. भिंतीकडे तोंड करून एक माणूस पडला होता. पांघरुणाखाली माणूस आहे की घडी आहे, कळू नये इतका बारीक. पोरगी म्हणाली, "बाबा, ते आलेत. पत्रकवाले."

"कसे दिसत होते?" बाबा भिंतीलाच म्हणाले.

हे बसले नाहीत. पलंगाशी उभे राहिले, हात बाजूला सरळ, शाळेत उभं केल्यासारखे. "मी त्यांना बघितलं नाही. मी त्यांचे दगड बघितले," म्हणाले, आणि तारखा सांगितल्या. आधी वडिलांची, मग आईची.

बाबांनी अजून मान वळवली नव्हती. "मग अंगठे?"

"माझे."

बाबा वळायला लागले. पोरगी धावली, तिचा हात त्यांनी झटकला. कुशीवर, मग कोपरावर, मग बसते झाले. यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मारतील, आणि मारावंच. पण ते एकेक विचारत गेले, मोजून, वकिलाने विचारावं तसं.

"सगळे पळाले तेव्हा?"

"तेव्हा त्यांना जाऊन चार महिने होऊन गेले होते."

"मागे कोणी राहिलं नव्हतं?"

"एक बाई होती, तिला गाडीने आणलं. दुसरं कोणी नाही. मी प्रत्येक दार वाजवलं."

मग तो माणूस रडायला लागला, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. मी पोरीचा हात धरला. रडता रडता ते तिला म्हणाले, "अगं, मेले होते ते! तेव्हाच मेले होते!" घरात मूल झाल्याची बातमी सांगावी तसे. पुन्हा पुन्हा तेच. "मेले होते गं. थंडीतच मेले होते." पोरगीही हसत होती आणि रडत होती.

जरा शांत झाल्यावर त्यांनी यांचं मनगट धरलं. "घरातच गेले ना?" म्हणाले. "आपापल्या अंथरुणात? त्रास नाही ना झाला?"

दगडावर असलं काही लिहिलेलं नसतं. यांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"घरातच," हे म्हणाले. "झोपेत."

मी शेजारीच उभी होते. मी काही बोलले नाही.